रिकामं आलेलं टोपलं

हसनाबादच्या शिवारात कडूबा नावाचे पाच-सहा जण तरी सहज निघतील. आधीची लेकरं जगली नाहीत की पुढच्याचं नाव कडू ठेवायचं, म्हणजे काळानं तोंडात घातलं तरी थुंकून टाकावं, अशी जुन्या आयांची समजूत. ज्याची ही गोष्ट आहे तो कडूबा तिघांनंतरचा. तो जगला, आणि आईनं त्याला रोज आठवण करून दिली की तू जगलास ही फुकटची गोष्ट नव्हे, उपकार मान. त्यानं ते इतकं मनावर घेतलं की अठ्ठावन्नाव्या वर्षीही त्याचे हात सुटे दिसणं कठीण. एसटी थांबली की कंडक्टरला हात जोडणार. वीज आली की शेतातल्या डीपीला हात जोडणार. एकदा बँकेतलं यंत्र पैसे मोजून बाहेर फेकायला लागलं तर त्यालाही यानं नमस्कार केला, आणि मागच्या माणसानं म्हटलं, काका, आता सरका.

त्याची बायको पुष्पाबाई. तिची जीभ धार लावून ठेवल्यासारखी. ती म्हणायची, "ह्यांच्या हातून काम कसं होईल? ते कायम जोडलेलेच असतात."

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. दुपारी कडूबा मोसंबीच्या बागेतून घरी आला, तर पुष्पाबाई ओट्यावर बसलेली, समोर वेताचं टोपलं.

"टोपलं आलं," ती म्हणाली.

"मंग?"

"मंग काय. रिकामं आलं."

कडूबानं वाकून पाहिलं. "वाटेत काढून घेतलं असंल कोणी."

"कोण काढंल? गिरिजाबाईची अक्षता स्वतः ठिवून गेली. झाडून, पुसून. तळाला एक पान न्हाई."

कडूबा खालीच बसला. शेजाऱ्याकडून टोपलं रिकामं येण्यात बसण्यासारखं काय, असं शहरातला माणूस विचारेल. पण हसनाबादेत कोणाचं भांडं कोणाकडे गेलं तर ते रिकामं परत येत नाही. काही नसेल तर मूठभर मीठ येतं, गुळाचा खडा येतो, कडुनिंबाची डहाळी तरी येते. रिकामं भांडं दोनच वेळा येतं. घरात सुतक असलं तर, नाहीतर संबंध संपला तर. आणि टोपलं जिथून आलं त्या गिरिजाबाईच्या घरी सुतक नव्हतं.

हे टोपलं बारा वर्षं जात-येत होतं. त्याचं मूळ तेरा सालच्या दुष्काळात.

त्या वर्षी जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागांवर कुऱ्हाडी चालत होत्या. पंधरा-पंधरा वर्षांची झाडं लोक सरपणाला तोडत होते. कडूबाची दोनशे चाळीस झाडं होती. पानं अशी वळली होती, जसे चुलीजवळ ठेवलेले कागद. विहिरीत बेडूकसुद्धा राहिला नव्हता. आणि एक शेत सोडून, ओढ्याच्या वळणावर, गिरिजाबाईच्या विहिरीला हातभर का होईना, रोज पाणी साचत होतं. गिरिजाबाई बौद्ध वस्तीतल्या. सासऱ्यांना मिळालेली चार एकर जमीन नवरा-बायकोनं दगड वेचून वेचून नीट केली होती, आणि विहीर त्यांनी स्वतःच्या हातानं खणली होती.

कडूबाची मागायची हिंमत झाली नाही. तो नुसता बांधावर उभा राहून झाडांकडे बघत राहायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पलीकडून गिरिजाबाईनंच आवाज दिला, "कडूबा भाऊ, झाडं मरताना पाह्यला कामून उभे राह्यता? पाईप आणा."

पाईप आला. पण मधलं शेत रामप्रसादचं, म्हणजे कडूबाच्या चुलतभावाचं. कडूबानं पाईप बांधाच्या कडेनं गाडला, वरून ज्वारीचा कडबा अंथरला, आणि गिरिजाबाईसमोर हात जोडून म्हणाला, "कोणाला सांगू नका. भावकी वाईट हाये."

"न्हाई सांगत," गिरिजाबाई म्हणाल्या. तीन महिने त्यांनी पाणी दिलं. एक दमडी घेतली नाही. बाग जगली. आणि त्या तीन महिन्यांत रोज त्यांच्या विहिरीवर जाणाऱ्या कडूबानं, वैशाखाच्या उन्हात घसा कोरडा पडला तरी, तिथलं पेलाभर पाणी कधी मागितलं नाही. झाडांना चालत होतं. कडूबाला चालत नव्हतं.

पुढच्या वर्षी बहार उतरला तेव्हा त्यानं निवडक मोसंब्यांचं टोपलं भरलं आणि तोडणीला येणाऱ्या गोजरबाईच्या हाती पाठवलं. निरोप असा, की बागेत जास्तीच्या झाल्यात. गिरिजाबाईंनी टोपलं परत पाठवलं त्यात ज्वारी होती. नंतरच्या वर्षी शेंगा. मग तीळ, अंबाडी, हिरव्या हरभऱ्याचे टहाळे. बारा वर्षांत शिजवलेलं काही कधी आलं नाही. सणाला पुरणपोळी नाही, लाडू नाही. कडूबाला त्याचं बरंच वाटायचं. गिरिजाबाई समजूतदार, असं तो मनात म्हणायचा आणि त्यांच्या घराच्या दिशेनं हात जोडायचा.

तर असं ते टोपलं आता रिकामं आलं.

कडूबानं कारणं शोधायला सुरुवात केली. मोसंबी आंबट निघाली असेल म्हणून एका बैठकीत आठ फळं खाल्ली. पोट बिघडलं, फळं गोड निघाली. गोजरबाई काही लागट बोलली असेल म्हणून तिला विचारलं. ती म्हणाली, "मी कामून बोलू? मी तं दरवर्षी तेच म्हणते, मालकानं धाडलं, जास्तीचं झालं. बाई हसती अन् ठिवून घेती." पण त्या दिवसापासून गोजरबाईनं ही बातमी तोडणीच्या सगळ्या बायकांना सांगितली, आणि टोपलं रिकामं आल्याचं सोमवारच्या बाजारापर्यंत पोचलं.

चतुर्थीला कडूबा राजूरला गेला. रांगेत दोन तास उभा राहून गणपतीपुढे मन मोकळं केलं. गणपतीपुढे मन मोकळं करणं सोपं असतं. तो उलटा प्रश्न विचारत नाही.

उलटा प्रश्न त्याला परतताना हसनाबादच्या फाट्यावर भेटला. गिरिजाबाईची नात अक्षता, बी.एस्सी.ला शिकणारी, स्कूटीवर पायांमध्ये पाण्याचे दोन निळे कॅन ठेवून चालली होती. कडूबानं हात केला. ती थांबली.

"आजीला बरं न्हाई का गं?"

"बरी हाये."

"मंग हे पाणी कामून वाहून राह्यली?"

अक्षतानं घसरणारा कॅन पायानं सावरला. "विहीर गेली ना काका आमची. सप्टेंबरात. ओढा फुटला, कठडा खाली गेला, मोटरसकट गाळानं भरली. तुम्हाला माहीत न्हवतं?"

"ऐकलं होतं," कडूबा म्हणाला.

ऐकलं नव्हतं, पाहिलं होतं. त्या अतिवृष्टीच्या सकाळी तो छत्री घेऊन बांधावर गेला होता. पलीकडे विहिरीच्या जागी तांबडा चिखल फिरत होता, त्यात एक बाभूळ उभी अडकली होती. आणि अलीकडे याच्या शेततळ्याचा भराव जागच्या जागी होता. त्यानं हात जोडले होते. शेततळं वाचलं म्हणून.

"काका, तुमचा व्हिडिओ पाह्यला आम्ही," अक्षता म्हणाली, आणि मोबाईल त्याच्यासमोर धरला.

व्हिडिओ दसऱ्यानंतरचा, जालन्यात मोसंबीवाल्यांचा मेळावा झाला तेव्हाचा. कडूबाच्या गळ्यात हार होता. एक पोरगेला निवेदक माईक पुढे करून विचारत होता, तेरा सालच्या दुष्काळात तुम्ही बाग कशी जगवली. आणि हार घातलेला कडूबा छाती काढून सांगत होता, "मी, माझी बायको अन् राजूरचा गणपती. या तिघांशिवाय बागेला कोणी हात न्हाई लावला."

"आजीनं दोनदा लावायला सांगितला," अक्षता म्हणाली. "मंग म्हणली, बंद कर." तिनं मोबाईल ठेवला आणि गाडी चालू केली. कॅनमधलं पाणी डुचमळलं, थोडं कडूबाच्या चपलेवर पडलं.

घरी येऊन त्यानं पुष्पाबाईला विचारलं, "मी काय वाईट बोललो त्याच्यात?"

पुष्पाबाईनं तो व्हिडिओ माहेरच्या सगळ्या लोकांना पाठवला होता. ती म्हणाली, "वाईट न्हाई बोलले. माझं नाव घेतलं, देवाचं घेतलं. एक राह्यलं."

"तुला तव्हा न्हाई सुचलं सांगायला?"

"मला हार कुठं घातला होता?"

यानंतर कडूबानं शहाण्या माणसासारखं लगेच जायला हवं होतं. तो गेला नाही. कार्तिक संपला, मार्गशीर्ष संपला. रोज सकाळी तो बांधापर्यंत जायचा, गिरिजाबाईचा गहू पाहायचा आणि परतायचा. ओलीवर पेरलेला गहू आधी हिरवा होता, मग शेंड्याला पिवळा, मग बुडापासून पिवळा. एकदा त्यानं दोन क्रेट मोसंबी भरून ठेवली, आणि पुष्पाबाईनं नुसतं विचारलं, "गव्हाला मोसंब्याचा रस देता का?" तशी क्रेट पुन्हा रिकामी केली.

पौष सरता सरता एका दुपारी तो शेवटी बांध ओलांडून गेला. गिरिजाबाई गव्हात खाली बसून तण काढत होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, जळत्या पिकातलं तण काढत होती.

"राम राम, गिरिजाबाई."

"जय भीम, पाटील. या."

पाटील हा शब्द कडूबानं नीट ऐकला. इतकी वर्षं त्या त्याला भाऊ म्हणत आल्या होत्या.

"गहू पिवळा पडला," तो म्हणाला.

"पडला."

"ओंबी भरायच्या आत दोन पाणी पाह्यजेत."

"पाह्यजे तं लई काही असतं, पाटील."

"माझ्या शेततळ्यात पाणी हाये. मी देतो."

गिरिजाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "कुठून देता?"

"पाईप हाये ना, जुनाच. रामप्रसादच्या बांधाजवळून. वरून कडबा टाकला की कोणाला दिसत बी न्हाई."

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. गिरिजाबाईंनी हातातलं तण बांधावर टाकलं.

"तुम्ही म्हणले कोणाला सांगू नका. मी न्हाई सांगितलं. आमचे मालक गेले, त्यायनं बी न्हाई सांगितलं. टोपल्यात कधी भाकर टाकली का मी? कच्चंच टाकत आले. तुम्हाला जड जाऊ नये म्हणून. इतकं सांभाळलं तुमचं. अन् तुम्ही माईकवर सांगता, कोणी हात न्हाई लावला."

"चुकलो मी." कडूबाचे हात जोडले गेले.

"ते खाली घ्या आधी," गिरिजाबाई म्हणाल्या. "तेरा वर्षं पाह्यले मी ते हात. गहू जळाला तं जळू द्या. लपून आलेलं पाणी न्हाई पाह्यजे मला. आणायचं तं उघड्यावरून आणा."

कडूबा तिथून सरळ रामप्रसादच्या गोठ्यावर गेला. रामप्रसाद म्हशीला सरकी चारत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सरकीची पाटी खाली ठेवली.

"दादा, डोकं फिरलं का तुझं? बांधाच्या वरून पाईप?"

"एक महिन्याचा सवाल हाये."

"लोकं विचारतील, कामून देऊन राह्यला. काय सांगशील?"

"खरं सांगंन."

रामप्रसादनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्या साली पाईप माझ्या बांधाला फुटला होता. माहीत हाये तुला? चार दिवस माझ्या दोन म्हशी त्याच पाण्यावर जगल्या. मंग मीच ट्यूबच्या रबरानं बांधला. मी बोललो का कुठं? पोरीची, मोनालीची सोयरीक चालू हाये. समोरचे लोक कसे हायेत तुला माहीत हाये. तू एकाचं सांगशील, दुसऱ्याचं आपसूक निघंल."

कडूबानं दावणीच्या म्हशींकडे पाहिलं. तेरा वर्षं ज्या भावकीला तो भीत होता, त्या भावकीच्या म्हशीसुद्धा त्याच पाण्यावर तगल्या होत्या, आणि दोघं भाऊ एकमेकांपासून तेच लपवत बसले होते.

"मंग तर तूच दे वाट," तो म्हणाला.

"माझ्या बांधावरून न्हाई. अन् लांबून नेलं तं माझ्या दाराशी येऊ नको."

लांबून नेणं म्हणजे शिवरस्त्यानं. सरळ अंतराच्या तिप्पट वळसा, आणि रस्ता असा की दूधवाले, शाळेची पोरं, बाजाराला जाणाऱ्या बायका, सगळं हसनाबाद त्यावरून जातं. कडूबानं पाईप आणले आणि जोडायला बसला.

पहिल्या दिवशी ज्यानं विचारलं त्याला तो म्हणाला, "असंच, खाली नेऊन राह्यलो." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "जरा टेस्टिंग करून पाह्यतो." कशाची, ते कोणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी कचरू आला. कचरू म्हणजे विहिरींचा गाळ काढणारा माणूस, यारीवाला. विहिरीच्या तोंडावर उभी करून गाळ वर ओढायची त्याची यारी आसपासच्या वीस गावांत फिरते, आणि तिच्यासोबत वीस गावांच्या बातम्या. त्यानं गाडी बंद केली, म्हणजे ऐकल्याशिवाय तो हलणार नव्हता.

"कडूबा, खाली तं गिरिजाबाईचं वावर हाये."

"हां."

"मंग?"

"मंग तिच्या गव्हाला."

"कामून पण?"

कडूबानं हातातला जोड खाली ठेवला. घसा साफ केला. बोलताना त्यानं पाईपकडेच पाहिलं. "तेरा साली माझी बाग तिच्या पाण्यावर जगली. तीन महिने. मी ते कोणाला सांगितलं न्हाई. जालन्यात बी खोटं बोललो."

कचरूनं तंबाखू मळणं थांबवलं नाही. "ते व्हय. ते तं सगळ्याला माहीत हाये." त्यानं चिमूट ओठात धरली. "कडब्याखालून पाणी पाझरत होतं रे. त्या उन्हाळ्यात पूर्ण शिवारात तेवढाच पट्टा हिरवा होता." आणि गाडीला किक मारून गेला.

कडूबानं जोड पुन्हा हातात घेतला. लपलेलं काहीच नव्हतं. सगळ्यांना माहीत असलेलंच तो लपवत राहिला होता, आणि त्याची झळ लागली होती ती एकट्या गिरिजाबाईंना. त्यानंतर जो येईल त्याला तो न विचारताच सांगू लागला. शाळेच्या पोरांनाही सांगितलं. पोरं म्हणाली, बरं आजोबा.

रामप्रसादनं मात्र बोललेलं खरं केलं. माघ लागताच मोनालीचा साखरपुडा झाला. मांडवाचं गाणं कडूबाच्या ओट्यावर ऐकू येत होतं, निमंत्रण आलं नाही. पुष्पाबाईनं त्या दिवशी नेसायची म्हणून काढलेली साडी परत पेटीत ठेवली. नवऱ्याला ती एक शब्द बोलली नाही, आणि त्या घरात याहून वाईट काही घडू शकत नाही.

पाणी गिरिजाबाईच्या शेतात पोचलं तेव्हा माघ लागून आठवडा झाला होता. ओढ्याकडचा अर्धा गहू हातचा गेला होता. मुठीत धरला तर चुरा व्हायचा. उरलेल्या अर्ध्याला पाणी लागलं. कडूबा दिवसभर दारं धरत होता, म्हणजे वाफ्यामागून वाफ्याला पाणी वळवत होता. संध्याकाळच्या आत काम आटोपलं. तो हातपाय धुऊन गिरिजाबाईच्या पत्र्याच्या घरासमोर आला आणि उभा राहिला. दिवसभर मनात घोकलेलं होतं. बारा टोपल्यांत जे गेलं नाही ते आज द्यायचं होतं.

"गिरिजाबाई, प्यायला पाणी द्या."

दारात बसलेली अक्षता पुस्तकातून वर बघू लागली. गिरिजाबाई आत गेल्या, तांब्या भरून आणला, त्याच्या हातात दिला. कडूबानं तो तोंडाकडे नेला.

"कुठलं हाये माहीत हाये ना?" त्यांनी विचारलं.

"कुठलं?"

"तुमचंच. दुपारी पाइपाच्या तोंडाशी घागर लावली होती पोरीनं. गाळून घेतलं." त्या त्याच्यासमोर ओट्यावर बसल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. "तुमचं पाणी तुम्ही कवाबी पिऊ शकता, पाटील. माझ्या विहिरीचं प्यायचं होतं तं तेरा साल होतं."

कडूबाचा घसा खरंच कोरडा होता. त्यानं तांब्या खाली ठेवला. हात जोडायला गेले, अर्ध्यात थांबले, त्यांचं काय करावं ते त्याला कळेना. मग तो उठून विहिरीकडे गेला. गाळ वाळून वर भेगा पडल्या होत्या. बाभूळ अजून तशीच उभी होती.

"किती खोल हाये?" त्यानं तिथूनच विचारलं.

"पाच परस. मालकानं अन् मी खणली. चार परस गाळ असंल." एक परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस.

कडूबानं मनातल्या मनात चार माणसं एकावर एक उभी केली.

दुसऱ्या दिवशी कचरूची यारी विहिरीवर उभी राहिली. खाली उतरायला माणूस मिळेना, काठ कच्चा, कधीही ढासळेल अशी भीती. कडूबा स्वतः उतरला. पुष्पाबाईनं त्या दिवशी पुन्हा बोलणं सुरू केलं, आणि पहिलंच वाक्य ऐकवलं की मेलात तर माझ्याकडे येऊ नका. तरी ती दुपारी भाकरी घेऊन आली. विहिरीच्या काठावर, गिरिजाबाईशेजारी बसली. सोबत तिनं वेताचं टोपलं आणलं होतं, गाळ भरायला.

दीड परस गाळ निघालाय. टोपलं रोज पन्नासदा भरून वर येतं आणि उपडं होऊन खाली जातं. त्याचा एक कान तुटलाय, तिथे कडूबानं तार बांधलीय. खाली माती ओली लागते, पण झरा अजून लागलेला नाही, आणि कचरू म्हणतो, ओढ्यानं झऱ्याचं तोंड बदललं असेल तर लागणारही नाही. कडूबा त्याला गप्प बसायला सांगतो. कमरेएवढ्या चिखलात उभा राहून तो फावडं मारत राहतो, आणि वरून गिरिजाबाई वाकून विचारतात,

"पाटील, लागली का ओल?"

"लागून राह्यली," तो खालून म्हणतो, आणि पुढच्या खेपेला तरी त्या भाऊ म्हणतील का, याकडे कान लावून राहतो.